दोन सरोवरांमधले ल पों : काही आठवडे राहायला जावे का, आणि कोणत्या ऋतूत?

शब्दयात्री

नमस्कार. स्वित्झर्लंडच्या पश्चिम सीमेवर, व्हो कॅन्टनमधल्या (कॅन्टन म्हणजे स्विस प्रांत) जुरा पर्वतात, व्हाले द झू नावाचे एक उंच खोरे आहे आणि त्या खोऱ्यात लाक द झू व लाक ब्रने या दोन सरोवरांच्या बेचक्यात ल पों हे छोटे फ्रेंचभाषक गाव वसलेले आहे. फ्रेंचचा अभ्यास मी बरीच वर्षे करत आहे. आता पुस्तकांच्या बाहेर पडून, जिथे दुकानदारापासून पोस्टमनपर्यंत सगळे जण फ्रेंचच बोलतात अशा एखाद्या लहान गावात काही आठवडे राहावे, असे मनात आहे. जिनिव्हा किंवा माँत्रोसारख्या ठिकाणी आपण फ्रेंच बोलू लागलो की समोरचा माणूस इंग्रजीत उत्तर देतो, असे अनेकांकडून ऐकल्यामुळे मोठी शहरे आणि प्रसिद्ध पर्यटनस्थळे मी जाणीवपूर्वक वगळली आहेत.

ल पोंकडे माझे लक्ष गेले ते सरोवरांमुळेच. पण जसजशी वाचत गेले तसतशी कोडी वाढत गेली. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या, वर्षातले कित्येक महिने थंडीने गारठलेल्या या खोऱ्यात जगातली काही अत्यंत मौल्यवान घड्याळे कशी काय तयार होऊ लागली? इथल्या सरोवरातला बर्फ एके काळी रेल्वेने पॅरिसला जात असे, हे खरे आहे का? आणि तिसरी गोष्ट अशी, की नकाशात सरोवरात येणारी नदी दिसते, मात्र बाहेर पडणारी नदी कुठेच दिसत नाही; मग ते पाणी जाते तरी कुठे?

व्यवहाराचा प्रश्न शेवटी विचारते. सगळीकडे जुलै-ऑगस्टचीच छायाचित्रे आणि त्याच महिन्यांची शिफारस दिसते. मला पोहणे, नौकाविहार यांचे विशेष आकर्षण नाही. गाव कसे जगते ते पाहायचे आहे आणि तिथल्या माणसांशी बोलायचे आहे. अशा व्यक्तीने केव्हा जावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, उत्तर लांबले तरी चालेल.

भूस्तर

शब्दयात्री, पाण्याचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बर्फाचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

जुरा पर्वत चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकाच्या भेगांतून झिरपताना चुनखडी विरघळवत जाते. हे दीर्घकाळ चालू राहिले की भेगा रुंदावतात आणि त्यांची भुयारे होतात. त्यामुळेच या खोऱ्याच्या दोन्ही अंगांच्या कुरणांवर पाऊस आणि हिम यांची मुळीच कमतरता नसूनही वाहते ओढे फारसे दिसत नाहीत, आणि उन्हाळ्यात वर चरायला नेलेल्या गाईंसाठी गोठ्यांच्या छपरावरचे पाणी हौदांत साठवून ठेवावे लागते. वरच्या कुरणांवरून चालताना जमिनीत मध्येच खळगे आणि विवरे लागतात, त्यांच्याभोवती दगडी कुंपण घातलेले असते. ती सारी याच विरघळण्याची खूण आहे.

आता नदी. ऑर्ब नदी फ्रान्सच्या बाजूला लाक दे रूस या सरोवरातून निघते, ब्वा-दामों या गावावरून सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये येते आणि खोऱ्याच्या तळातून संथपणे वाहत लाक द झूला मिळते. हे सरोवर १००४ मीटर उंचीवर आहे, सुमारे ९ किलोमीटर लांब आणि जेमतेम १ किलोमीटर रुंद आहे, आणि त्याची कमाल खोली ३२ मीटर आहे. त्याच्या ईशान्य टोकाला ल पोंच्या पुलाखालून पाणी लहानशा लाक ब्रनेत उतरते. त्यापुढे मात्र डोंगर आडवा येतो. ब्रनेच्या उत्तरेकडच्या बोंपोर नावाच्या जागी चुनखडीत विवरे आहेत आणि पाणी तिथेच जमिनीत उतरते. हे तोंड इतके वेगाने पाणी ओढत असे, की त्या पडत्या पाण्यावर पूर्वी तिथे गिरण्या चालत. काही किलोमीटर भूगर्भातून जाऊन आणि २०० मीटरहून अधिक खाली उतरून तीच ऑर्ब व्हालोर्ब गावाजवळ एका उंच कड्याच्या पायथ्यातून पुन्हा बाहेर येते.

दोन्ही ठिकाणचे पाणी एकच आहे, असा तर्क लोक फार पूर्वीपासून करत होते. १८व्या शतकात बोंपोरचा बांध फुटला आणि एरवी नितळ असणारा व्हालोर्बचा उगम गढूळ झाला, तेव्हा या तर्काला मोठे बळ मिळाले. पुढे १८९०च्या दशकात सरोवरविज्ञानाचे जनक मानले जाणारे फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल यांनी पाण्यात फ्लुओरेसीन हा रंग सोडून भूगर्भातला मार्ग तपासला. आज बोंपोरची तोंडे नियंत्रणाखाली आहेत, कारण २०व्या शतकाच्या आरंभापासून दोन्ही सरोवरांचे पाणी बोगद्यातून खाली व्हालोर्बच्या जलविद्युत केंद्राकडे नेले जाते. व्हालोर्बच्या गुहा १९७४ पासून लोकांसाठी खुल्या आहेत, आणि तिथल्या पायवाटांवरून भूगर्भातली ऑर्ब प्रत्यक्ष वाहताना पाहता येते. मला स्वतःला या संपूर्ण प्रदेशात ते दृश्य सर्वांत मोलाचे वाटते. आणखी एक गोष्ट नकाशावर आवर्जून पाहा. ल पोंपासून फार दूर नसलेल्या जिनिव्हा सरोवराचे पाणी ऱ्होन नदीने भूमध्य समुद्राला जाते. ल पोंचे पाणी मात्र नशातेल सरोवर, आरे नदी आणि ऱ्हाइन असे करत उत्तर समुद्राला मिळते.

बर्फाची हकीकत पूर्णपणे खरी आहे. हे खोरे सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे निरभ्र, निवांत रात्री थंड जड हवा तळाशी साचून राहते आणि तापमान उणे २० अंशांच्याही खाली जाते. लाक ब्रने लहान आणि तुलनेने उथळ असल्यामुळे भरवशाने गोठत असे. १८७९ मध्ये ल पोंला बर्फाचा उद्योग सुरू झाला. गोठलेल्या सरोवरावर आधी साचलेले हिम बाजूला सारायचे, मग पृष्ठभागावर रेघा आखून करवतीने लाद्या कापायच्या आणि त्या किनाऱ्यावरच्या प्रचंड बर्फकोठारांत रचून ठेवायच्या, असे ते काम होते. शेतीला सुट्टी असलेल्या दिवसांत त्यातून गावकऱ्यांना रोजगार मिळे. माल जड आणि नाशवंत असल्याने बैलगाडी-घोडागाडीने तो फार दूर नेणे परवडणारे नव्हते, म्हणून रेल्वेची निकड निर्माण झाली. १८८६ मध्ये व्हालोर्ब ते ल पों हा लोहमार्ग सुरू झाला आणि इथला बर्फ पॅरिसच्या उपाहारगृहांपर्यंत पोहोचू लागला. १८९९ मध्ये हाच मार्ग खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ल ब्रास्यूपर्यंत वाढवला गेला. म्हणजे आज आपण ज्या गाडीने ल पोंला उतराल, ती मुळात प्रवाशांसाठी नव्हे तर बर्फासाठी आलेली आहे. यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार ओसरला आणि पुढे बंद पडला.

ऋतूविषयी माझे मत असे, की हिम वितळण्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत जावे. त्या दिवसांत व्हालोर्बच्या उगमाचा जोर पाहण्यासारखा असतो.

तासकाटा

भूस्तर यांनी पाण्याचा भाग इतका नेटका मांडला आहे, की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. घड्याळांविषयी मी लिहितो. माझा हा जिव्हाळ्याचा विषय आहे.

पहिली गोष्ट ही, की घड्याळे या खोऱ्यात एकाएकी अवतरली नाहीत. १२व्या शतकात इथे प्रेमोंत्रे या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी मठ स्थापन केला. लाबेई गावात त्या मठाचा मनोरा आजही उभा आहे. १५३६ मध्ये बर्न या नगरराज्याने व्हो प्रदेश जिंकला, प्रोटेस्टंट धर्मसुधारणा आली, मठ संपला आणि खोऱ्यातली वस्ती आपल्या बळावर जगू लागली. जमीन थोडी, थंडी दीर्घ, धान्य बेताचे. जवळ होते ते लाकूड, थोडेफार लोहखनिज आणि हाताशी भरपूर रिकामा वेळ. त्यामुळे इथे लोहारकाम, कुलपे आणि चाकू बनवणे, रत्नांना पैलू पाडणे अशी बारीक कामे शेतीच्या जोडीने रुजली. १८व्या शतकाच्या मध्यावर घड्याळनिर्मितीचे ज्ञान इथे पोहोचले, तेव्हा धातू ओळखणारे आणि नजर बसलेले हात आधीच तयार होते. बर्फाने रस्ते बंद झाले की शेतकरी कुटुंबे खिडकीशी बाक लावून जिनिव्हाच्या व्यापाऱ्यांसाठी घड्याळाचे सुटे भाग आणि कच्ची यंत्रे घडवू लागली. जुन्या घरांच्या वरच्या मजल्यावर एकाला एक लागून असलेल्या खिडक्यांची रांग दिसली, तर ती याच कामासाठी, उजेडासाठी केलेली आहे असे समजावे.

या खोऱ्याने स्वतःची म्हणून जी ओळख मिळवली ती अवघड यंत्रांमुळे. केवळ वेळ दाखवणारे घड्याळ कुठेही होऊ शकते. पण लीप वर्षाचा हिशेब स्वतः ठेवणारे कॅलेंडर, कळ दाबताच तास आणि मिनिटे बारीक घंटानादाने सांगणारी यंत्रणा, सेकंदाचे भाग मोजणारा क्रोनोग्राफ ही कामे करणारी माणसे पिढ्यानपिढ्या इथे तयार झाली. १८३३ मध्ये आंत्वान लकूल्त्र यांनी ल सांतिए इथे कार्यशाळा काढली आणि १८४४ मध्ये मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारे उपकरण सिद्ध केले. आजची जेगर-लकूल्त्र ही कंपनी त्याच कार्यशाळेतून वाढली. १८७५ मध्ये ल ब्रास्यू इथे झ्यूल ओदमार आणि एद्वार पिगे हे दोन तरुण एकत्र आले, आणि ओदमार पिगे कंपनीचे मुख्यालय अजूनही त्याच गावात आहे. तिथे २०२० मध्ये उघडलेले काचेचे सर्पिलाकार संग्रहालय पाहण्यासाठी आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. ल सांतिएचे घड्याळ-संग्रहालय त्या मानाने साधे आहे. तरीही घरच्या खिडकीतल्या बाकापासून आजपर्यंतचा प्रवास समजून घ्यायचा असेल, तर मी तेच आधी पाहायला सांगेन.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. उत्तम प्रतीच्या घड्याळात, बंद झाकणाखाली कधीच न दिसणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कडासुद्धा ठरावीक कोनात तासून आरशासारख्या चकचकीत केलेल्या असतात. त्यासाठी खोऱ्यातल्या कुरणांवर उगवणाऱ्या पिवळ्या जेन्शियन वनस्पतीचा वाळलेला दांडा वापरतात. कारागीर दांड्याचा तुकडा कापतो, आतला मऊ भाग टोकाला येईल असा त्याला आकार देतो, त्यावर अगदी पातळसा हिऱ्याच्या भुकटीचा लेप लावतो आणि भिंगातून पाहत कडेवरून एकाच दिशेने, एकाच दाबाने फिरवत राहतो. हा मऊ भाग लेप धरून ठेवतो आणि धातूला ओरखडा पडू देत नाही. या कामासाठी यंत्रे आली आहेत, पण दोन कडा आतल्या बाजूला मिळून धारदार कोपरा होतो तिथे यंत्राचे फिरते चाक पोहोचत नाही. तिथे हाताचीच गरज लागते, आणि जाणकार पारखी तो कोपराच आधी पाहतो.

१९७० नंतर बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे स्वस्तात मिळू लागली आणि संपूर्ण स्विस उद्योग कोसळला. सुमारे ९०,००० नोकऱ्यांपैकी १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३०,०००च्या आसपास उरल्या. त्या पडत्या काळात ज्यांनी जुनी हत्यारे मोडीत काढली नाहीत, त्यांच्यामुळे हे ज्ञान टिकले, आणि म्हणून त्या पिढीविषयी मला फार आदर वाटतो. २०२० मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्स या दोन्ही देशांतल्या जुरा पट्ट्याची यांत्रिक घड्याळनिर्मितीची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

राहण्याबाबत एक सूचना करतो. ल पों सुंदर आहे, पण कारखाने खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, ल सांतिए आणि ल ब्रास्यू या भागात आहेत. माणसांशी बोलायचे असेल तर संध्याकाळी कारखाने सुटतात त्या वेळी तिकडच्या एखाद्या कॅफेत जाऊन बसावे. तिथे फ्रान्समधून रोज सीमा ओलांडून कामाला येणारे लोकही मोठ्या संख्येने असतात, त्यामुळे दोन देशांचे फ्रेंच एकाच टेबलाशी ऐकायला मिळते.

शब्दयात्री

दोघांचेही मनापासून आभार. पाणी जमिनीत उतरते हे वाचून फारच नवल वाटले, आणि जेन्शियनच्या दांड्याची माहिती तर मला कुठल्याच प्रवासी पुस्तिकेत मिळाली नव्हती.

भूस्तर, तुम्ही एप्रिल-मे सुचवलेत. तासकाटा यांच्या लेखनावरून मात्र असे वाटते, की या गावांचे खरे जीवन हिवाळ्यात घडत आले आहे. तिथल्या परिसरात राहणाऱ्या कुणी ऋतूविषयी आणि रोजच्या भाषेविषयी लिहिले तर निर्णय घेणे सोपे जाईल. हिवाळ्यात लाक द झूवर स्केटिंग चालते असेही वाचले, ते दर वर्षी होते का?

लोझानवासी

आमचे वास्तव्य लोझानला असल्यामुळे या खोऱ्यात जाणे-येणे होत असते. रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास आहे. ऋतूच्या बाबतीत माझे भूस्तर यांच्याशी एकमत नाही. एप्रिलमध्ये उगमाचे पाणी जोरात असते हे खरेच आहे, पण वर खोऱ्यात त्या वेळी अर्धवट वितळलेले हिम, चिखल आणि बंद असलेली उपाहारगृहे असा मधलाच काळ असतो. बाहेरून आलेल्या माणसाला गावकऱ्यांशी गाठ पडण्याची संधी त्यात कमी मिळते. माझ्या मते सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ आपल्यासाठी उत्तम आहे, आणि शक्य असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा एक आठवडा काढावा. गाव दोन्ही तऱ्हांनी पाहिले पाहिजे.

सप्टेंबरचे कारण गाईंशी आणि चीजशी निगडित आहे. उन्हाळाभर गाई वरच्या कुरणांवर असतात आणि त्यांच्या दुधाचे ग्रुयेर या कठीण चीजचे मोठे चाक बनते. अशा एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागते. शरद ऋतूत गाई खाली येतात, दूध कमी होते आणि एवढ्या मोठ्या चीजला ते पुरत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांसाठी लहान, मऊ चीजची प्रथा या भागात पडली, आणि तेच आजचे व्हाशरें मों दोर. ते वर्षभर मिळत नाही. ऑगस्टच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतच ते बनवतात आणि सप्टेंबरपासून ते बाजारात दिसू लागते. ल पोंहून चालत जाता येईल इतक्या जवळचे ले शार्बोनियेर हे गाव या चीजचे माहेरघर मानले जाते आणि तिथे त्याचे छोटे संग्रहालयही आहे.

ते तयार होताना पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नये. ताजे चीज इतके मऊ असते, की आधार दिला नाही तर ते पसरेल. म्हणून त्याच्याभोवती स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सालीची पट्टी आवळतात. ही बाहेरची खडबडीत साल नव्हे. तोडून पाडलेल्या झाडावरची वरची साल आधी काढून टाकतात आणि तिच्याखालचा ओलसर, लवचीक थर हत्याराने लांबच लांब फितीसारखा सोलून घेतात. त्या फिती वाळवून ठेवतात आणि वापरण्यापूर्वी पुन्हा भिजवून मऊ करतात. पट्टी बांधलेले चीज स्प्रूसच्या फळ्यांवर काही आठवडे मुरते, त्या काळात त्याला वरचेवर मिठाच्या पाण्याने पुसतात, आणि शेवटी ते आपल्या आकारापेक्षा किंचित लहान अशा लाकडी डबीत दाबून बसवतात; त्यामुळे वरच्या सालीवर त्या सुप्रसिद्ध लाटा उमटतात. झाडाचा सौम्य राळेसारखा वास चीजमध्ये उतरतो. लोक ते चमच्याने खातात, किंवा डबीसकट भट्टीत गरम करून उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढतात.

या चीजने मोठे संकटही पाहिले आहे. १९८०च्या दशकात लिस्टेरिया जिवाणूमुळे पश्चिम स्वित्झर्लंडमध्ये अनेकांचा मृत्यू झाला, त्याचा माग या चीजपर्यंत पोहोचला आणि १९८७ मध्ये उत्पादन थांबवावे लागले. त्यानंतर स्वच्छतेची आणि तपासणीची सारी पद्धत कठोरपणे नव्याने बसवली गेली. २००३ मध्ये स्वित्झर्लंडने त्याला संरक्षित मूळस्थानाचा दर्जा दिला. गावकरी आपल्या चीजविषयी अभिमानाने बोलतात, त्यामागे हा खडतर काळ आहे, हे आपण जाणून असावे.

आता स्केटिंग. सरोवर दर वर्षी पूर्ण गोठत नाही, आणि सौम्य हिवाळ्यांची संख्या वाढल्यामुळे आता तर त्याचा भरवसा धरताच येत नाही. चांगली थंडी पडली आणि बर्फ धरण्याच्या दिवसांत हिमवर्षाव झाला नाही, तर मात्र युरोपातल्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक स्केटिंगच्या मैदानांपैकी एक इथे तयार होते आणि आसपासच्या शहरांतून माणसे लोटतात. बर्फाची जाडी किती आहे हे स्थानिक प्रशासन जाहीर करते. ती माहिती पाहिल्याशिवाय आणि गावकरी उतरलेले दिसल्याशिवाय बर्फावर पाऊल ठेवू नये. ओढे सरोवराला मिळतात तिथे आणि पुलाजवळ पाणी वाहते असल्यामुळे बर्फ पातळ राहतो. ईशान्येकडून येणारा बीझ नावाचा कोरडा वारा खोऱ्याच्या लांबीवरून विनाअडथळा वाहत येतो, तेव्हा तापमापकावरच्या आकड्यापेक्षा थंडी कितीतरी अधिक जाणवते. कान झाकणारी टोपी आणि वारा अडवणारे जाकीट यांत कसूर करू नये.

भाषेची काळजी करू नका. इथली माणसे स्वच्छ, काहीशा संथ लयीत बोलतात, त्यामुळे पॅरिसपेक्षा इथले बोलणे समजायला सोपे जाते. ७० आणि ९० या संख्यांना ते 'सेप्तांत' आणि 'नोनांत' म्हणतात, ८० ला व्होमध्ये 'उइतांत'. दुकानात हिशेब ऐकताना हे माहीत असलेले बरे. दुपारच्या जेवणाला ते 'दिने' आणि रात्रीच्या जेवणाला 'सुपे' म्हणतात, त्यामुळे कुणी जेवायला बोलावले तर वेळ नीट विचारून घ्यावी. दुकानात शिरताना आणि बाहेर पडताना अभिवादन करण्याची रीत लहान गावात काटेकोरपणे पाळली जाते. खोऱ्यातले लोक स्वतःला 'कोंबिए' म्हणवतात; प्रथमदर्शनी ते मितभाषी वाटतात, पण हवामान, गाई किंवा घड्याळे यांविषयी प्रश्न विचारला की सविस्तर उत्तर मिळते.

सीमावाट

सर्वांनी सरोवरांविषयी आणि उद्योगांविषयी लिहिले; खोऱ्याच्या पश्चिमेच्या रिझूच्या जंगलाचा उल्लेख राहून जाऊ नये, म्हणून लिहीत आहे.

रिझू हे मुख्यतः स्प्रूस वृक्षांचे घनदाट जंगल आहे आणि त्याच्यातूनच स्वित्झर्लंड-फ्रान्स सीमा जाते. काही ठिकाणी ती केवळ दगड रचून केलेल्या बुटक्या भिंतीने आणि कोरीव सीमाशिळांनी दाखवलेली आहे. कडक थंडी आणि चुनखडीवरची पातळ माती यांमुळे इथली झाडे अतिशय सावकाश वाढतात, त्यांची वार्षिक वलये अरुंद आणि एकसारखी असतात, आणि म्हणूनच त्यांतल्या निवडक वृक्षांचे लाकूड व्हायोलिन व गिटार यांच्या पुढच्या फळीसाठी मागितले जाते. हजारो झाडांतून असे एखादे झाड ओळखणारे जाणकार खोडाची ठेवण, फांद्यांची रचना आणि सालीवरच्या खुणा पाहून निर्णय घेतात.

दुसऱ्या महायुद्धात या जंगलाला वेगळेच महत्त्व आले. पलीकडचा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता आणि सीमेलगतच्या पट्ट्यात कडक पहारा होता. तरीही तस्करीच्या जुन्या वाटा ठाऊक असलेल्या स्थानिक लोकांनी निरोप, कागदपत्रे आणि जीव वाचवण्यासाठी पळणारी माणसे रात्रीच्या अंधारात अलीकडे आणली. याच खोऱ्यातल्या एका वनाधिकाऱ्याची कन्या आन-मारी इम होफ-पिगे ही त्या काळात दक्षिण फ्रान्समधल्या शातो द ला इय या बालगृहात स्विस मदतकार्यात काम करत होती. लहानपणापासून पायाखालची असलेली रिझूची वाट तिने तिथल्या ज्यू मुलांना स्वित्झर्लंडमध्ये पोहोचवण्यासाठी वापरली आणि फ्रान्सच्या बाजूच्या कॉर्दिए भगिनींची तिला यात साथ मिळाली. पुढे ज्यू हत्याकांडाची स्मृती जपणाऱ्या इस्रायलमधल्या याद वाशेम या संस्थेने तिचा गौरव केला. एवढे धैर्य दाखवणाऱ्या या स्त्रियांची आठवण ठेवून त्या जंगलातून चालावे, असे मला मनापासून वाटते.

ऋतूच्या वादात मी लोझानवासी यांच्या बाजूने आहे. ऑक्टोबरात जंगलातल्या वाटा कोरड्या असतात आणि दां द व्होलियोंच्या १४८३ मीटर उंचीच्या माथ्यावरून दोन्ही सरोवरे एकाच नजरेत दिसतात. धुके खाली बसलेले असेल तर त्याच्या वर आल्प्सची रांग माँ ब्लांपर्यंत उलगडते. ल पोंहून तिथे पायी जाता येते, मात्र माथ्याची एक बाजू थेट तुटलेला कडा आहे, तेव्हा धुक्यात किंवा हिमावर कडेच्या जवळ जाऊ नये. हिवाळ्यात याच रिझूमध्ये लांब पल्ल्याच्या स्कीच्या वाटा आखल्या जातात, आणि उतारावरचे स्की न जमणाऱ्यालाही त्या थोड्या सरावाने जमतात.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. जंगलात चालताना आपण नकळत फ्रान्समध्ये शिरू शकता. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकच व्हिसा चालतो, तरी पासपोर्ट जवळ ठेवावा, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत नाही आणि जकात अधिकारी तपासणी करू शकतात. आणि रविवारी खोऱ्यातली बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून मुक्काम ल पोंला असेल तर शनिवारीच ल सांतिएला जाऊन आठवड्याचा किराणा आणून ठेवावा.